संत जोसेफ वाझ : बाणावलीच्या लॅटिन शाळेपासून कँडीपर्यंत



शाळाप्रवेशाचे दिवस जवळ आले की काही आईवडील एक प्रश्न घेऊन आमच्याकडे येतात. मूल घरी काही ना काही शिकलेले असते. कामधंद्यासाठी चार-सहा महिने बाहेरगावी राहावे लागल्यामुळे आईने घरीच पाटी-पुस्तक दिलेले असते, नाहीतर आजोबांनी दोन इयत्तांचा अभ्यास एकाच वर्षात उरकून घेतलेला असतो. आता ह्याला बसवायचे कोणत्या वर्गात? खालच्या वर्गात घातले तर कंटाळेल, वरच्या वर्गात घातले तर बुजेल. पुढे सेमिनरीत जायचे आहे असे म्हणणाऱ्या मुलांच्या बाबतीत हाच प्रश्न लॅटिनविषयी येतो. थोडेफार लॅटिन घरी गिरवून झाले आहे. मग पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करायची, की सरळ दुसरे पुस्तक हाती घ्यायचे?

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला नेहमी संत जोसेफ वाझ आठवतात. त्यांना आपण श्रीलंकेचे प्रेषित म्हणून ओळखतो. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले, हेही बहुतेकांना ठाऊक आहे. पण हा संत लहानपणी गावात लॅटिन शिकला, तेवढ्या शिदोरीवर मोठ्या शहरातल्या शाळेत गेला, आणि पुढे स्वतःच गावातल्या मुलांसाठी लॅटिनची शाळा काढून बसला, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. चरित्रांत तिला दोन-तीन ओळी मिळतात आणि लगेच जहाज श्रीलंकेकडे निघते. आज आपण त्या दोन-तीन ओळींपाशी थोडे थांबू या.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यातील साष्टी भागात बाणावली येथे झाला. बाणावली हे त्यांच्या आईचे गाव. आईचे नाव मारिया दे मिरांडा, वडिलांचे क्रिस्तोव्हाव वाझ. वडील जुवारी नदीच्या दक्षिण काठावरील सांकवाळ गावचे. सहा भावंडांत जोसेफ तिसरे. आठव्या दिवशी बाणावलीच्या संत योहान बाप्तिस्ता चर्चमध्ये त्यांचा स्नानसंस्कार झाला.

घराणे ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेले आणि खाऊनपिऊन सुखी होते. हे मुद्दाम नमूद करतो. कारण त्या काळच्या गोव्यात गावोगावी चर्चला जोडून शाळा होत्या खऱ्या, पण धर्मशिक्षणाच्या पुढे जाऊन लॅटिनपर्यंत पोहोचण्याची सवड आणि ऐपत सगळ्यांच्या मुलांना नव्हती. शेतावर राबणाऱ्या कुटुंबातील मूल वयात येण्याआधीच कामाला जुंपले जाई. संतांचे चरित्र वाचताना हे विसरू नये, असे आमचे मत आहे. देवाने हाक मारली हे खरे, परंतु ती ऐकल्यावर पुस्तक उघडायला घरी दिवा होता, हेही तितकेच खरे.

घरात कोकणी. सांकवाळच्या शाळेत ते पोर्तुगीज लिहा-वाचायला शिकले. लॅटिन शिकले ते मात्र बाणावलीत, म्हणजे आजोळच्या गावी. घरची भाषा एक, राज्यकर्त्यांची दुसरी आणि चर्चची तिसरी. आपल्या यावल परिसरातील मुलांना हे नवल वाटणार नाही. घरी पावरी किंवा अहिराणी, शाळेत प्रमाण मराठी आणि पुढे इंग्रजी, अशी कसरत आपली मुले रोजच करतात.

आता लॅटिन म्हणजे काय प्रकरण आहे, ते थोडे समजून घेऊ. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि त्यानंतर मिस्सा लोकांच्या भाषेत आली. त्यापूर्वीचे मिस्सामधले लॅटिन आठवणारी मंडळी आता फारच थोडी उरली आहेत. तरुणांना ही भाषा चिनीसारखी परकी वाटते. प्रत्यक्षात मराठी माणसाला ती एका बाबतीत सोपी आहे. आपण राजा, राजाने, राजाला, राजाचा असे म्हणतो. शब्दाचे शेपूट बदलले की अर्थ बदलतो. लॅटिनमध्येही तसेच. दोमिनुस म्हणजे प्रभू, दोमिनी म्हणजे प्रभूचा, दोमिनो म्हणजे प्रभूला. वाक्यात शब्द पुढेमागे झाले तरी शेपटावरून कर्ता कोण आणि कर्म कोण ते कळते. नामांचे पाच गण आणि क्रियापदांचे चार. ते तोंडपाठ होईपर्यंत कष्ट आहेत, त्यात सूट नाही. पण विभक्ती ही कल्पनाच नवीन नाही. पोर्तुगीज भाषेने नामांच्या विभक्ती कित्येक शतकांपूर्वी टाकून दिल्या होत्या. त्यामुळे लिस्बनहून आलेल्या अधिकाऱ्याच्या मुलापेक्षा बाणावलीच्या कोकणी मुलाला विभक्तीचे तत्त्व लवकर उमजले असले पाहिजे, असे आम्हाला वाटते. घरात मिळालेले शिक्षण असे न दिसणारे असते. ते कोणत्याही दाखल्यावर लिहिलेले नसते.

जोसेफ अभ्यासात इतके भराभर पुढे गेले की गावात मिळण्यासारखे शिक्षण संपले. तेव्हा वडिलांनी त्यांना गोवा शहरात, आज आपण ज्याला जुने गोवे म्हणतो तेथे, पाठवायचे ठरवले. तेथे येशूसंघीयांचे सेंट पॉल कॉलेज होते. चरित्रकार सांगतात की जोसेफ तेथे मानव्यविद्या आणि वक्तृत्वशास्त्र शिकले. ही दोन नावे वाचून आपण सहज पुढे जातो. परंतु त्या काळच्या शाळेची रचना माहीत असेल तर ह्याच दोन शब्दांत सगळी गोष्ट दडलेली दिसते.

येशूसंघाने १५९९ मध्ये आपल्या सर्व शाळांसाठी एक अभ्यासपद्धती निश्चित केली. तीत लॅटिनचे पाच वर्ग होते. पहिले तीन व्याकरणाचे : खालचा, मधला आणि वरचा. चौथा मानव्यविद्येचा, पाचवा वक्तृत्वशास्त्राचा. व्याकरणासाठी मानुएल आल्वारिस ह्या येशूसंघीय पोर्तुगीज पंडिताचे पुस्तक असे. ते १५७२ मध्ये लिस्बनला प्रथम छापले गेले आणि १५९४ मध्ये जपानमध्येही निघाले. खालच्या वर्गात सिसेरोची सोपी पत्रे, मधल्या वर्गात त्याचीच मित्रांना लिहिलेली पत्रे आणि ओव्हिडच्या सोप्या कविता, वरच्या वर्गात सिसेरोचे मैत्री आणि वार्धक्य ह्यांवरील निबंध. चौथ्या वर्गात सीझर, लिव्ही, व्हर्जिल, होरेस. पाचव्यात सिसेरोची भाषणे. म्हणजे चौथ्या वर्गात पाऊल ठेवणाऱ्या मुलाला व्याकरण पूर्ण अवगत असलेच पाहिजे. तेथे विभक्ती शिकवत बसायला कोणाला वेळ नव्हता. जोसेफच्या बाबतीत पहिल्या तीन वर्गांचा उल्लेख नाही, चौथ्या आणि पाचव्याचा आहे. ह्यावरून व्याकरणाची पायरी त्यांनी बाणावलीतच ओलांडली होती, असा अंदाज करायला हरकत नाही. गावातले शिक्षण मोठ्या शाळेच्या मापात पुरे उतरले.

वर्ग ठरवायची रीत काय होती? ती त्या १५९९ च्या नियमावलीत लिहिलेली आहे आणि आम्हाला ती आजही उपयोगी वाटते. नवा मुलगा आला की शाळेचा अभ्यासप्रमुख आधी त्याला विचारी की तू काय शिकलास आणि कुठपर्यंत. पण तेवढ्या उत्तरावर तो थांबत नसे. प्रत्येकाला वेगळे बसवून एका विषयावर स्वतःहून काही लिहायला सांगत. ज्या वर्गात बसायचे त्याच्या आधीच्या वर्गातील काही नियम विचारत. दोन-चार छोटी वाक्ये लॅटिनमध्ये करायला देत, किंवा एखाद्या लेखकाचा उतारा समजावून सांगायला लावत. मग वर्ग ठरे. कोणते पुस्तक संपले आहे ह्याला मान होता, पण निर्णय होई तो मुलगा मदतीशिवाय काय करू शकतो त्यावर.

वरच्या वर्गात बढती वर्षातून एकदाच मिळे. तरीसुद्धा एखादा मुलगा आपल्या वर्गात बसून वाया जातो आहे असे दिसले तर त्याला अडवून ठेवू नये, वर्षाच्या मध्येच परीक्षा घेऊन वर न्यावे, असा नियम होता. उलट जो तयार नाही त्याच्यासाठी कोणाचीही शिफारस ऐकू नये असेही होते. आणि जो काठावर आहे, पण वयाने मोठा झाला आहे किंवा त्या वर्गात बराच काळ बसला आहे, त्याला वर घ्यावे. मात्र त्याने मेहनत घेतली नाही तर परत खाली पाठवले जाईल ही अट आधीच सांगून. मुलगा गरीब आहे किंवा हलक्या स्थितीतला आहे म्हणून कोणाला दारातून परत पाठवू नये, हाही त्याच नियमावलीतला एक नियम. गोव्यात तो किती पाळला गेला हा वेगळा विषय आहे.

आपल्या देशात आज शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा आहे. शाळेत कधीच न गेलेल्या किंवा मध्येच सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाला शोभेल अशा वर्गात घ्यावे आणि बरोबरीला आणण्यासाठी त्याला विशेष प्रशिक्षण द्यावे, असे तो सांगतो. हे योग्यच आहे. बारा वर्षांचा मुलगा पहिलीच्या बाकावर बसवला तर तो आठवडाभरात शाळा सोडेल. परंतु भाषा शिकवताना, विशेषतः लॅटिन किंवा संस्कृतसारखी पायऱ्यापायऱ्यांनी चढायची भाषा शिकवताना, वयाच्या जोडीला ती जुनी परीक्षा घ्यावीच लागते. कोऱ्या कागदावर, पुस्तक मिटून.

आपल्या भागातील शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. टिश्यू कल्चरची रोपे येण्यापूर्वी केळीची लागवड मुनव्यांनीच होत असे. रुंद पानांचा, तरारलेला मुनवा दिसायला मोठा असतो, पण त्याचा कंद लहान. जाणता शेतकरी तलवारीच्या पात्यासारखी अरुंद पाने असलेला मुनवा उचलतो, कारण त्याचे बळ जमिनीखाली असते. मूल किती पुस्तके पुढे गेले आहे हे पान झाले. आम्ही विचारतो ते कंदाविषयी.

ह्याच बाबतीत संत इग्नेशियस लोयोला यांची आठवण होते. युद्धात पाय जायबंदी झालेला हा सरदार १५२४ मध्ये, तेहतीस वर्षांचा असताना, बार्सेलोनात लहान मुलांच्या बरोबरीने लॅटिन शिकायला बसला. दोन वर्षांनी शिक्षक म्हणाले की आता विद्यापीठात जायला हरकत नाही, आणि तो अल्कालाला गेला. तेथे एकदम अनेक विषय हाती घेतले; काहीच नीट जमले नाही. १५२८ मध्ये पॅरिसला पोहोचल्यावर त्याने स्वतःच ओळखले की पाया कच्चा आहे, आणि पुन्हा पोरांच्या वर्गात व्याकरणाला बसला. तेव्हा त्याचे वय छत्तीस-सदतीस असेल. ज्या संघाने पुढे वर्ग ठरवण्याचे इतके बारीक नियम केले त्याचा संस्थापक स्वतः ह्या चुकीच्या वर्गातून गेलेला होता, हे ध्यानात घेतले की त्या नियमांतला शहाणपणा कुठून आला ते कळते. मुलाला खालच्या वर्गात परत पाठवले म्हणजे नाक कापले गेले असे मानणाऱ्या पालकांनी हा प्रसंग जरूर लक्षात ठेवावा.

जोसेफवर मागे फिरण्याची वेळ आली नाही. सेंट पॉलनंतर त्यांनी डॉमिनिकन संघाच्या संत थॉमस अक्वायनस अकादमीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञानाचा अभ्यास केला. तत्त्वज्ञानाचा आमचाही थोडा परिचय आहे. संत थॉमस यांचे विचार भाषांतरातून वाचता येतात, आम्हीही बरेचसे तसेच वाचले. पण सत्ता आणि सार ह्यांतला भेद ते एका लॅटिन क्रियापदाच्या दोन रूपांतून कसा उभा करतात, हे भाषांतरात हरवते. जोसेफना ती अडचण नव्हती. आजच्या चर्च कायद्यातही, १९८३ च्या संहितेच्या २४९ व्या कलमात, सेमिनरीतील विद्यार्थ्यांना मातृभाषा नीट यावी आणि लॅटिन चांगले समजावे अशी अपेक्षा लिहिलेली आहे. म्हणून ज्यांच्या मुलांनी घरी लॅटिनला हात घातला आहे त्यांनी तो सोडू नये.

त्या काळी गोमंतकीय मुलासाठी लॅटिन हा दरवाजा होता आणि त्या दरवाजावर पहारेकरीही होते. दिवाडी बेटावरील मातेउस दे कास्त्रो ह्यांना गोव्याच्या आर्चबिशपांनी दीक्षा नाकारली; ते रोमला गेले, तेथे धर्मगुरू झाले आणि १६३७ मध्ये बिशपही झाले. गोमंतकीयांना पोर्तुगीज व्रतस्थ संघांत प्रवेश नव्हता. धर्मप्रांतीय धर्मगुरू होणे एवढीच वाट खुली होती, आणि तीही लॅटिन आल्याशिवाय नाही. क्रिस्तोव्हाव वाझ यांनी मुलाला कोणत्या वर्गात पाठवले ही म्हणूनच केवळ शाळेची बाब नव्हती.

१६७५ मध्ये जोसेफना पहिली दीक्षा मिळाली ती गोमंतकीय बिशप कुस्तोदियो दे पिन्हो यांच्या हस्ते. १६७६ मध्ये आर्चबिशप आंतोनियो ब्रांदाव यांनी त्यांना गुरुदीक्षा दिली. दीक्षेनंतर लवकरच त्यांनी पायातील वहाणा सोडल्या आणि गरिबांसारखे अनवाणी चालायला सुरुवात केली. प्रवचनकार आणि पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू म्हणून त्यांचे नाव झाले. आणि त्यांनी सांकवाळला, वडिलांच्या गावी, सेमिनरीत जाऊ इच्छिणाऱ्या मुलांसाठी लॅटिनची शाळा सुरू केली.

येथे थोडे थांबावेसे वाटते. राजधानीत शिकलेला, वक्तृत्वशास्त्र आणि ईशज्ञान पूर्ण केलेला पंचवीस-सव्वीस वर्षांचा तरुण धर्मगुरू. त्याला शहरात राहून मोठमोठ्या सभांत बोलता आले असते. तो गावी येऊन मुलांकडून दोमिनुस, दोमिनी, दोमिनो घोकून घेतो. ज्या पायरीवरून आपण चढलो तीच पायरी दुसऱ्यांसाठी गावात बांधून ठेवतो, म्हणजे शहराच्या शाळेत जाताना त्या मुलांना खालच्या वर्गात बसावे लागू नये. सांकवाळला आज जुन्या आरोग्यमातेच्या चर्चचा फक्त दर्शनी भाग उभा आहे. १८३४ मध्ये चर्च जळाले. जवळच संत जोसेफ वाझ यांचे तीर्थस्थान आहे. गोव्याला जाणाऱ्यांनी समुद्रकिनाऱ्यावरून थोडा वेळ काढून तेथे जावे. त्याच गावात ५ ऑगस्ट १६७७ रोजी त्यांनी स्वतःला पवित्र मरीयेचा दास म्हणून अर्पण केले आणि तसा लेख स्वहस्ते लिहून ठेवला.

त्यांच्या मनात श्रीलंका होती. तेथे डचांनी १६५६ मध्ये कोलंबो आणि १६५८ मध्ये जाफना जिंकून कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली होती. लोक होते, पण मिस्सा देणारा कोणी नव्हता. परंतु वरिष्ठांनी त्यांना १६८१ मध्ये कानडा भागात, म्हणजे आजच्या मंगळूर-बसरूर-कल्याणपूर पट्ट्यात पाठवले. तेथे गोव्याचे अधिकारी आणि रोमने नेमलेले बिशप थॉमस दे कास्त्रो यांच्यात अधिकारावरून कडवट वाद चालला होता. वाझ यांनी दोन्ही बाजूंचा मान राखून तीन वर्षे काम केले, चर्च उभारले, शाळा उघडल्या. १६८४ मध्ये ते परतले. त्याच वर्षी गोव्याच्या व्हाइसरॉयने कोकणी बंद करून तीन वर्षांत सर्वांनी पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला होता. राजाच्या हुकमाने लोकांची जीभ बदलत नाही. ज्या साष्टी भागात फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये मराठीत छापले गेले, तेथे हा हुकूम निघावा हे विशेष.

२५ सप्टेंबर १६८५ रोजी जुन्या गोव्यात चमत्कारांच्या क्रूसाच्या चर्चमध्ये काही गोमंतकीय धर्मगुरूंनी एकत्र राहायला सुरुवात केली. हीच पुढे ओरेटरी झाली आणि वाझ तिचे पहिले प्रमुख. ज्यांना इतर संघांत जागा नव्हती त्यांनी आपले घर बांधले. त्या घरातही ब्राह्मण कुळातील धर्मगुरूंनाच प्रवेश होता, हे आपण झाकून ठेवू नये. आपल्या धर्मग्रामात सर्व समाजांची माणसे एका रांगेत ख्रिस्तप्रसाद घेतात, म्हणून हे लिहिण्यास आम्हाला संकोच नाही.

१६८६ मध्ये जॉन नावाच्या सेवकाला बरोबर घेऊन ते निघाले आणि तुतीकोरिनला पोहोचले. येथे त्यांच्या चरित्रातील दुसरे शाळाप्रकरण सुरू होते. पस्तीस वर्षांचे, लॅटिनचे शिक्षक, एका धर्मगुरुसमूहाचे प्रमुख; आणि आता तमिळची मुळाक्षरे. जुने शिक्षण येथे थेट कामाचे नव्हते. व्याकरण कसे शिकायचे ही सवय मात्र कामाची होती. एक भाषा मुळापासून नीट शिकलेल्या माणसाला दुसरी भाषा शिकताना कुठे पाहायचे ते कळते. म्हणून पालक विचारतात की लॅटिन आज बोलतो कोण, तेव्हा आम्ही त्यांना तुतीकोरिनचे वाझ दाखवतो.

१६८७ मध्ये ते मजुराच्या वेशात, ओळख लपवून, जाफनाला गेले. वाटेतील हालांनी आणि हगवणीने प्राण कंठाशी आले होते. बरे झाल्यावर गळ्यात जपमाळ घालून दारोदार भीक मागत फिरले; जपमाळ पाहून कोणाच्या डोळ्यांत ओळख उमटते ते पाहायचे आणि तेथे हळूच बोलायचे, अशी त्यांची युक्ती होती. रात्री मिस्सा, पापनिवेदन, मुलांचे स्नानसंस्कार. डचांचा ससेमिरा वाढल्यावर ते १६९० मध्ये पुत्तलमला आणि १६९२ मध्ये कँडीला गेले. कँडी हे स्वतंत्र राज्य होते, विमलधर्मसूर्य दुसरा हा बौद्ध राजा. पोर्तुगिजांचा हेर म्हणून वाझ यांना कैद झाली. कैदेत त्यांनी काय केले? सिंहली शिकायला घेतली. वय एक्केचाळीस. पुन्हा पहिला धडा, तिसऱ्यांदा. पुढे त्यांनी तमिळ आणि सिंहलीचे शब्दसंग्रहही तयार केले.

१६९६ च्या सुमारास कँडीत मोठा दुष्काळ पडला. राजाच्या विनंतीवरून वाझ यांनी चौकात वेदी मांडून प्रार्थना केली आणि पाऊस आला, असे चरित्रकार सांगतात. त्यानंतर त्यांना राज्यात मोकळेपणे फिरण्याची परवानगी मिळाली. १६९७ मध्ये देवीची साथ आली. लोक आजाऱ्यांना रानात सोडून पळू लागले तेव्हा वाझ आणि त्यांचा भाचा फादर जोसेफ कार्व्हालो यांनी झोपड्या उभारून त्यांची शुश्रूषा केली, जखमा धुतल्या, मेलेल्यांना पुरले. धर्म विचारला नाही. राजाच्या मनात त्यांच्याविषयी जो आदर होता तो ह्यानंतर शेवटपर्यंत टिकला.

गोव्याच्या ओरेटरीतून एकेक धर्मगुरू येऊ लागले. १७०५ मध्ये दिवाडी बेटावरचे फादर जाकोम गोन्साल्व्हिस आले. ते मोठे विद्वान. वाझ यांनी त्यांची तयारी पाहिली आणि त्यांना भाषेच्या कामाला लावले : सिंहली उत्तम शिका आणि लोकांसाठी लिहा. स्वतः मात्र अनवाणी गावोगाव फिरत राहिले. येथेही तीच जुनी परीक्षा. कोण काय करू शकतो ते पाहायचे आणि त्याला त्याच्या जागी बसवायचे. बिशप होण्याचा विषय त्यांच्यापुढे आला तेव्हा त्यांनी तो नाकारला.

१६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी संत जोसेफ वाझ प्रभूघरी गेले. २१ जानेवारी १९९५ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी कोलंबोत त्यांना धन्य घोषित केले. त्यांचा सण १६ जानेवारीला येतो.

फादर गोन्साल्व्हिस त्यांच्यामागे १७४२ पर्यंत लिहीत राहिले. सिंहली आणि तमिळ भाषांत त्यांची वीसहून अधिक पुस्तके आहेत. त्यांतील एकाचे नाव त्यांनी देव वेद पुराणय असे ठेवले. प्रभूच्या दुःखसहनावर त्यांनी रचलेली पासन नावाची शोकगीते श्रीलंकेतील गावांमध्ये उपवासकाळात आजही म्हटली जातात.